सुटका झाली, पुढे काय?

‘बायकांचा बाजार’ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर मुंबईचा कामाठीपुरा येतो, नाहीतर पुण्याची बुधवार पेठ. सिनेमाने दाखवलेल्या अरुंद गल्ल्या, दारात उभ्या बायका, रात्री पडणारी पोलिसांची धाड आणि तोंडावर पदर ओढून गाडीत बसवलेल्या मुली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते : ‘इतक्या मुलींची सुटका’. आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. सुटका झाली म्हणजे प्रश्न सुटला, अशी आपली समजूत असते.

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली ही की, हा बाजार ‘तिकडे’ कुठे नाही. बारामती-इंदापूरसारख्या बागायती, साखर कारखान्यांच्या, हातात चार पैसे खुळखुळणाऱ्या तालुक्यांतही तो भरतो. फक्त त्याच्यावरची पाटी वेगळी असते. जळोचीच्या उपबाजारात भाजीपाल्याचा भाव चारचौघांत पुकारला जातो. या दुसऱ्या बाजारात भाव कुजबुजत ठरतो, एवढाच फरक. दुसरी गोष्ट अशी की, सुटका हा या कामाचा शेवट नाही, ती सुरुवात आहे. सुरुवात पोलिसांच्या हातात असेल. पण पुढचे काम महिला मंडळांनी आणि संघटनांनी अंगावर घेतले नाही, तर सुटलेली बाई फिरून त्याच दाराशी येऊन उभी राहते.

कायदा काय म्हणतो

सरकारी भाषेत याला ‘मानवी वाहतूक’ किंवा ‘मानवी तस्करी’ म्हणतात. हा शब्द ऐकला की सीमा, चोरवाटा, झाकलेले ट्रक आठवतात. पण कायद्याला असले काही लागत नाही. भारतीय दंड विधानाचे कलम ३७० हे २०१३ मध्ये, दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतर झालेल्या बदलांत, नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आले आहे. या कलमाचे तीन भाग आपण प्रत्येकीने पाठ करावेत असे मला वाटते.

पहिला भाग कृतीचा : एखाद्या व्यक्तीची भरती करणे, तिला नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या ताब्यात देणे किंवा ताब्यात घेणे. दुसरा भाग मार्गाचा : धमकी, जबरदस्ती, पळवून नेणे, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष. तिच्यावर ज्याचा ताबा आहे त्याची संमती पैसे देऊन मिळवणे हेही यात येते. तिसरा भाग हेतूचा : शोषण. लैंगिक शोषण तर आलेच. पण गुलामी, गुलामीसारख्या प्रथा, वेठ, शरीराचे अवयव काढणे आणि आता नव्या संहितेत भीक मागायला लावणे, हे सारे शोषणच मानले आहे. ‘ती स्वतःच्या पायांनी आली होती’ हा बचाव चालत नाही. गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घ्यायची नाही, असे कलमातच म्हटले आहे. शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.

म्हणजे कुंटणखाना असलाच पाहिजे असे नाही. गाव ओलांडले पाहिजे असेही नाही. मामाने, सावत्र बापाने किंवा शेजारणीने पैसे घेऊन मुलगी दुसऱ्याच्या हाती दिली आणि पुढे तिचे शोषण झाले, तर कायदा तिथे लागू होतो. कायदा इतका स्पष्ट असूनही पोलिस ठाण्याच्या डायरीत अशा प्रकरणाची नोंद ‘घरगुती वाद’ किंवा ‘मिसिंग’ अशी होते. याचे एक कारण असे की, आपणही त्याला तेच म्हणतो.

१९९६ ची धाड आणि तिचा धडा

सुटकेनंतर काय होते याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा, तो आपल्यासमोर आला. अल्पवयीन मुलींना वेश्याव्यवसायात डांबून ठेवल्याची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पोलिसांनी मुंबईच्या वस्त्यांवर मोठी धाड घातली. चारशेहून अधिक मुली आणि बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या होत्या.

बातम्या छापून आल्या, अभिनंदने झाली. पण या मुलींना ठेवायचे कुठे? त्यांना मुंबई परिसरातल्या सरकारी सुधारगृहांत पाठवले. एवढ्या मुलींची सोय तिथे नव्हती. भाषा कळत नव्हती, गुन्हेगारासारखी वागणूक मिळत होती, आणि आपले पुढे काय होणार हे कोणी सांगत नव्हते. कोठ्यावरून सुटून आपण दुसऱ्या तुरुंगात आलो, अशीच त्यांची भावना झाली. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला कचरत होते. नागरिकत्वाचा कागद कोणाकडेच नव्हता. चौदाव्या-पंधराव्या वर्षी फसवून आणलेल्या मुलीकडे तो असणार तरी कसा? शिवाय ‘या मुली एड्स घेऊन येतील’ असा ओरडा तिथे झाला. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलै १९९६ मध्ये १२८ मुली काठमांडूला परतल्या. मधले पाच महिने त्या कोंडून राहिल्या होत्या. गुन्हा त्यांच्यावर झाला होता आणि कैदही त्यांनाच झाली.

या कहाणीचा पुढचा भाग आपल्या चळवळीत फारसा सांगितला जात नाही. परतलेल्या मुलींपैकी पंधरा जणींनी एकत्र येऊन त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. विकल्या गेलेल्या आणि परतलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संघटना. त्यांच्यातल्या चारिमाया तामांग यांनी गावी परतल्यावर आपल्याला विकणाऱ्यांवर खटला भरला. २०१३ मध्ये ‘शक्ती समूहा’ला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण ‘उद्ध्वस्त झालेल्या’ म्हणून निरीक्षणगृहाच्या कुलपाआड ठेवले होते, त्यांनीच दुसऱ्यांना सोडवण्याचे काम हाती घेतले. त्यांना दयेची गरज नव्हती. कागद, निवारा, वकील आणि आपले म्हणणे ऐकणारी माणसे, एवढेच त्यांना हवे होते.

आपल्या दारातला बाजार

आता आपल्याकडे वळू. आपल्या भागात हा व्यवहार मुख्यतः दोन पाट्यांखाली चालतो. एक लग्नाची, दुसरी उचलीची.

लग्नाची पाटी अलीकडची. जनगणनेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ पर्यंत घसरला होता. २००१ मध्ये जी बालके मोजली, ती आज पंचविशी-तिशीत आहेत. पोटातच मारलेल्या मुली लग्नाच्या वयाला कुठून येणार? त्यात शेती तुकड्यातुकड्यांची झाली आणि मुलीचे आईबाप पुण्या-मुंबईचा नोकरदार शोधू लागले. शेतकऱ्याच्या पस्तिशीतल्या मुलाला स्थळ येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा लोक हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. मुली मारायच्या पाप-पुण्याचा हिशोब पुढच्या पिढीच्या दारात असा येऊन उभा राहिला होता.

या टंचाईवर तोडगा काढतो तो दलाल. गावात त्याला दलाल म्हणत नाहीत, ‘मध्यस्थ’ म्हणतात. तो कोरडवाहू भागातले, कर्जात बुडालेले किंवा बाप वारलेले घर शोधतो, मुलीच्या नातेवाइकाला रक्कम देतो, आपली दलाली काढतो आणि चार माणसांत हळद लावून मुलगी बागायतदाराच्या घरी पोचती करतो. मुलीला नवऱ्याचे वय माहीत नसते, गावाचे नाव माहीत नसते. कधी वय सतराच असते आणि आधार कार्डावर एकोणीस.

अशाच एका बाईशी माझे बोलणे झाले. कालव्याकाठच्या वस्तीवर राहते, पदरात दोन लेकरे आहेत. ती म्हणाली, “ताई, मामानं पैसं घेतल्यालं मला सा म्हैन्यांनी कळलं. भांडान झालं की सासू म्हनायची, दीड लाख मोजल्यात तुजं, जाशील कुठं?” हीच हकिकत मी नाव-गाव न सांगता महिलांच्या एका बैठकीत सांगितली, तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई चटकन म्हणाल्या, “पन लगीन लागलंय की तिचं! हळद लागलीया, अक्षता पडल्यात. मग इकली कशी?”

या प्रश्नातच सगळी अडचण आहे. अक्षता पडल्या की व्यवहार पवित्र होतो, असे आपण धरून चालतो. पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचे कलम १२ सांगते की, अल्पवयीन मुलीला फूस लावून, जबरदस्तीने वा फसवून आणून, किंवा लग्नासाठी विकून लावलेले लग्न हे लग्नच नव्हे; ते मुळापासून रद्दबातल आहे. आणि मुलगी सज्ञान असली तरी ‘मोजलेल्या पैशां’च्या जोरावर तिला माहेरी जाऊ न देणे, राबवून घेणे, मारहाण करणे, नवऱ्याखेरीज घरातल्या इतर पुरुषांच्या हवाली करणे ही वेठच आहे, मग तिच्या गळ्यात मंगळसूत्र असो वा नसो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘लग्न करून दागिने घेऊन पळालेली नवरी’ अशा बातम्या येतात आणि लोक चवीने वाचतात. अशा टोळ्या आहेत आणि त्यांत शेतकरी कुटुंबे खरोखर फसतात. पण पहिली अटक बहुधा त्या मुलीलाच होते. तिला या धंद्यात कोणी आणले, तिच्या नावावर किती लग्ने कोणी लावली आणि पैसे कोणाच्या खिशात गेले, हे विचारायला कोणाला सवड नसते.

दुसरी पाटी उचलीची. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फिटायची असते. फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर चढते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे मी म्हणणार नाही. कोणत्या मुकादमाकडे जायचे हे ठरवणारी, हिशोब तोंडपाठ असणारी अनेक कुटुंबे आहेत. पण हिशोबच दाखवला नाही, आजारपणात जाऊ दिले नाही, बाकी फिटेपर्यंत पोराला किंवा बाईला अडकवून ठेवले, की तो करार राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज कायमचे संपते. या उचलीचा आणि लग्नाचाही संबंध आहे. जोडप्याला उचल मिळते, एकट्याला नाही. आईबाप सहा महिने फडावर जाणार, मागे वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळाव्या वर्षी तिचे लग्न उरकतात आणि नवा कोयता तयार होतो.

हा बाजार बाईपुरताच नाही. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदण्यासाठी आणलेल्या ११ मजुरांना ढोकी पोलिसांनी सोडवले. रात्री पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पायांत साखळ्या घातल्या होत्या. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले काही हजार रुपयांच्या आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे ठेवल्याचे एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. कोण विकले जाते ते पाहा : भूमिहीन, कातकरी, भटके, दलित, बाप नसलेल्या घरातली मुलगी. गरिबी सगळीकडे आहे; पण ज्याच्यामागे विचारणारे कोणी नाही, त्यालाच बाजारात उभे केले जाते.

सुटका कोणाला हवी आहे?

इथे चळवळीतल्या एका जुन्या वादाला हात घालणे भाग आहे. देहविक्रय करणारी प्रत्येक स्त्री ही विकली गेलेलीच असते, असे आपल्यातल्या काहीजणी मानतात. उलट, सांगलीत १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ आणि १९९६ मध्ये तिथल्याच स्त्रियांतून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांचे म्हणणे असे की, सज्ञान बाई स्वतःच्या विचाराने हा धंदा करत असेल, तर तिला ओढून ‘सुधारगृहा’त टाकणे हीसुद्धा हिंसाच आहे, आणि वस्तीत आणलेली कोवळी पोर सर्वांत आधी ओळखू येते ती या बायकांनाच.

माझे मत असे की, अल्पवयीन मुलीबाबत वादाला जागा नाही. तिला तिथून काढलेच पाहिजे आणि बालकल्याण समितीसमोर नेलेच पाहिजे. ‘प्रेरणा’ या मुंबईच्या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच बजावले. कुंटणखान्याच्या चालकाचा वकील सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभा राहू शकत नाही, हेही त्याच निकालात आहे. त्याआधी काय चालत असे, ते यावरून कळते. पण सज्ञान स्त्रीला ‘तुला काय हवे?’ हे विचारल्यावाचून आपण तिची सुटका करू शकत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त केले. वेश्याव्यवसाय करणे हा त्या कायद्याखाली मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे आणि इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना सोडावे, असे आदेश दिले.

आणि १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याकडे एकदा बाईच्या नजरेने पाहा. त्याच्या कलम ८ खाली रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने! बायकांच्या रक्षणासाठी केलेला कायदाच असा भेद करतो.

कालव्याकाठच्या त्या बाईलाही मी विचारले होते. तिला नवरा सोडायचा नव्हता. रेशन कार्डावर नाव हवे होते, वर्षातून दोनदा आईला भेटायला जायचे होते आणि ‘दीड लाख मोजल्यात’ हे वाक्य पुन्हा कानावर पडायला नको होते. तिची सुटका ती एवढीच. दुसरी एखादी बाई म्हणेल, मला आजच्या आज इथून न्या. दोघींचे ऐकून घेणे हेच आपले पहिले काम आहे.

सुटकेनंतर तिला काय लागते

मुलगी सापडली की आपण म्हणतो, ‘आईबापांच्या ताब्यात द्या’. पण विकणारे घरातलेच असतील तर? तिला घरी पोचवणे म्हणजे मालकाकडे माल परत करणे होय. म्हणून आधी घराची चौकशी आणि मग ताबा, असा क्रम कायद्याने घातला आहे. प्रत्यक्षात ही चौकशी बरेचदा कागदोपत्री उरकते. गावातल्या महिला मंडळाला विचारले तर खरी हकिकत तासाभरात कळेल. पण विचारत कोणी नाही.

तिला कागद लागतात. आधार, रेशन, बँकेचे खाते नसेल तर सरकारी योजना तिच्यासाठी नसल्यासारख्याच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या आदेशाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकते, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? वेठबिगारीतून सुटलेल्यांना प्रांताधिकाऱ्यांचे किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे मुक्ती प्रमाणपत्र लागते. त्यावर २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण वा तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकारांत ३ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र नाही, तर एक पैसाही नाही. मजूर गाडीत बसवून गावी पाठवून दिले की यंत्रणेचे काम संपते आणि कागद राहून जातो.

तिला निवारा लागतो. केंद्राच्या ‘उज्ज्वला’ आणि ‘स्वाधार’ या योजना २०२२ मध्ये ‘शक्ती सदन’ या नावाखाली एकत्र झाल्या. नाव बदलले, पण संस्थेच्या दाराला बाहेरून कुलूप असेल आणि आत शिवणकाम आणि पापडाखेरीज शिकवायला काही नसेल, तर बाई तिथे का थांबेल? तिला मजुरी देणारे काम हवे, आपल्या लेकरांना जवळ ठेवता आले पाहिजे.

आणि तिला कोर्टात सोबत लागते. खटला वर्षानुवर्षे चालतो. साक्षीच्या तारखेला ती परगावी असते, तिकिटाला पैसे नसतात, दलालाची माणसे घरी येऊन बसलेली असतात. साक्ष फिरते, आरोपी सुटतात आणि लोक म्हणतात, ‘बाईच खोटी’. बाई खोटी नसते, ती एकटी असते.

आपण काय करायचे

एक, हंगामाच्या आधी आणि हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या तळावर जायचे. भाषण द्यायला नव्हे. किती मुली आहेत, कोणाचे लग्न नुकतेच झाले, हिशोबाची वही कोणाकडे आहे, हे विचारायला. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे येतात. वेठबिगार कायद्याप्रमाणे उपविभागाला दक्षता समिती असावी लागते. ती आहे का, तिच्यात स्त्री सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा.

दोन, परगावची सून गावात आली की तिच्याकडे जायचे. हळदीकुंकवाला बोलवा, बचत गटात घ्या, माहेरचा फोन नंबर विचारा. जिला गावात दोन मैत्रिणी आहेत तिला डांबणे अवघड असते. अल्पवयीन वाटली तर गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी असलेल्या ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, लेखी कळवा; नगरपरिषदेच्या हद्दीत गेलेल्या जळोचीसारख्या भागात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला.

तीन, अठरा वर्षांखालची मुलगी बेपत्ता झाली तर नुसती ‘मिसिंग’ची नोंद घेऊन परत येऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि चार महिन्यांत ती सापडली नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे गेला पाहिजे. ‘पळून गेली असेल’ हे आपण बोललो की पोलिसांना तपास न करण्याची मोकळीकच मिळते. हद्दीचे कारणही आता चालत नाही. फिर्याद कोणत्याही ठाण्यात द्यावी.

चार, कायद्याने आपल्याला दिलेली जागा मागून घ्यायची. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात झडतीच्या वेळी पंचांत एक स्त्री असावी असे म्हटले आहे. धाडीत दोन स्त्री पोलिस असाव्यात. सुटका झालेल्या स्त्रीबाबत निर्णय घेताना न्यायदंडाधिकाऱ्याला पाच जणांच्या पॅनेलचे साह्य घेता येते आणि त्यात शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. ही नावे कोण सुचवणार? आपण सुचवली नाहीत तर चहाच्या टपरीवरचा नेहमीचा पंच आहेच.

पाच, प्रत्येक प्रकरणात शेवटपर्यंत दोघीजणींनी सोबत राहायचे. तारखेला बरोबर जाणे, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील आणि जिल्हा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाई मिळवणे, कागद काढणे. नाव, फोटो, गाव कुठेही येऊ द्यायचे नाही. आपल्या अहवालातही नाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२ आणि कायदेशीर मदतीला १५१०० हे क्रमांक शाळेच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

यातले कोणतेही काम धाडीइतके गाजणारे नाही. त्याची बातमी होत नाही, अनुदानाच्या अर्जात ते नीट मांडताही येत नाही. पण दलालाचे गणित एकाच गोष्टीवर उभे असते : या मुलीमागे विचारणारे कोणी नाही. ते गणित पोलिस एकटे मोडू शकत नाहीत, ते वस्तीवरच्या बायकाच मोडू शकतात. पुढच्या बैठकीत एवढेच करा. आपल्या वस्तीत गेल्या तीन वर्षांत परगावहून आलेल्या सुना किती, आणि आपल्या वस्तीतून गेलेल्या मुली कुठे आहेत, याची यादी करायला बसा. ज्या नावापुढे कोणालाच काही सांगता येणार नाही, तिथून कामाला सुरुवात करू.